सरळ बसणाऱ्या माणसाची सीट

घुग्घुसच्या रस्त्याकाठी, भर दुपारी, सात-आठ अनोळखी माणसांसमोर मी राखेच्या पेटीत बसलो तेव्हा माझं वय एक्केचाळीस होतं. राख ओली होती, तिच्यावर प्लास्टिकची पन्नी अंथरलेली होती आणि समोर मिस्त्री उकिडवे बसून, मुलगी पाहायला आल्यासारखे माझ्याकडे पाहत होते. "हालू नको," ते म्हणाले. "गाडी चालवून राह्यलो असं समज." मी हवेतलं स्टीअरिंग धरलं. शेजारच्या चहाटपरीवरून कोणीतरी तोंडाने हॉर्न वाजवला आणि सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीने हे कपड्याचं माप घेण्याइतकं साधं काम होतं.

मिस्त्री ड्रायव्हरच्या सीटा बनवायचे. ड्रायव्हरच्याच, फक्त. मागची सीट, बाजूची सीट, मोटारसायकलची सीट घेऊन कोणी आलं तर पुढच्या चौकातल्या कुशनवाल्याकडे बोट दाखवायचे. शेडवर हाताने रंगवलेली पाटी होती, 'सीट बनवून मिळेल. बसणारा सोबत आणावा.' या दुसऱ्या वाक्यापायी त्यांनी किती गिऱ्हाइकं घालवली असतील देव जाणे. माझ्यासमोरच एकदा एक गाडीमालक आले, बोटांत चार अंगठ्या, स्वतः चार पिकअप बाळगून. म्हणाले, ड्रायव्हर खेपेवर आहे, गाडी ठेवून जातो, संध्याकाळपर्यंत सीट करून ठेवा. मिस्त्रींनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "चष्मा करायचा असला तं डोळे घरी ठेवून जाता काय?" मालक रागाने निघून गेले. आठवड्याने ड्रायव्हर मात्र एकटाच येऊन राखेत बसून गेला.

ही राख साधी चुलीची नव्हती. पॉवर हाऊसच्या धुराड्यातली, पिठासारखी बारीक. आमच्या भागात तिला तोटा नाही, अंगावर रोज फुकट पडते. मिस्त्रींनी ती लाकडी पेटीत भरून ओली करून ठेवलेली असे. गिऱ्हाईक उठलं की पन्नी हळूच काढायची आणि उमटलेल्या खड्ड्यावरून तळवा फिरवायचा, डोळे मिटून. मग जाड पुठ्ठा कापून त्या खड्ड्याचं माप उतरवायचं. हे करताना ते माणसाविषयी काहीबाही सांगतही असत. तू डाव्या कुशीवर झोपते. तुह्या बापालेही कमरेचं दुखणं होतं. बहुतेक चुकायचं. मी डाव्या कुशीवर झोपतो असं मी घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, तुम्ही उताणे झोपता आणि अख्ख्या गल्लीला ते माहीत आहे.

आधी ते शिंपी होते, पँटी शिवायचे. ते काम का सोडलं असं विचारलं की म्हणायचे, "उभा माणूस खोटं बोलते. पोट आत घेते, छाती काढते. बसलेला माणूस खोटं नाई बोलू शकत." कंपनीवर त्यांचा राग नव्हता, कीव होती. कंपनीने सीट कोणासाठी बनवली, तर मधल्या मापाच्या माणसासाठी. आणि हा मधल्या मापाचा माणूस राहतो कुठे? मिस्त्री म्हणायचे, चाळीस वर्षं धुंडून राह्यलो, मले तं नाई भेटला. स्वतः मात्र ते कधीच कुठल्या सीटवर बसत नसत. खुर्चीवरही नाही. जेवण, चहा, वेल्डिंग, गप्पा, सगळं उकिडवं. शिवणाऱ्याने घालून पाहिलेली पँट गिऱ्हाइकाला द्यायची नसते, हा त्यांचा जुना नियम सीटलाही लागू होता.

मी त्यांच्याकडे हौसेने गेलो नव्हतो. राजुऱ्याहून किराणा भरायचा आणि आलापल्लीवरून जंगलातल्या रस्त्याने हेमलकशापर्यंत दुकानांना पोचवायचा, हा माझा धंदा. गाडी पिकअप. माझी उंची सहा फुटाला दोन बोटं कमी. पिकअपच्या केबिनमध्ये पाठीमागे लगेच पत्रा असतो, सीट सरकून सरकून जाणार कुठे? गुडघे स्टीअरिंगला लागायचे, मान छताखाली वाकायची आणि कंबर या दोघांचं भांडण सोडवत बसायची. शेवटी शेवटी मला जेवायला मांडी घालता येईना. चंद्रपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून पाहिला आणि गाडी चालवणं सोडा म्हणून सांगितलं. सोडून करू काय? शेत नाही, दुसरं काम येत नाही. मेव्हणा आमच्याकडे दोनदा चहा पिऊन गेला होता आणि दोन्ही वेळा त्याने टायर लाथ मारून पाहिले होते. गाडी त्याला विकायची आणि त्याच्याच गाडीवर हमाल म्हणून चढायचं, एवढा एकच रस्ता मला पुढे दिसत होता. त्या विचाराने मला पाठीपेक्षा जास्त त्रास व्हायचा.

राखेचं माप झाल्यावर मिस्त्री म्हणाले, आता खेप. म्हणजे ते माझ्यासोबत पूर्ण खेप येणार. हा त्यांचा दुसरा नियम. डाव्या बाजूला सीटवर पाय घेऊन उकिडवे बसले, हातात खडू, आणि राजुऱ्यापासून आलापल्लीपर्यंत त्यांनी रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत होते. मी गिअर टाकला की खांदा पाहायचे, ब्रेक मारला की मांडी. मध्येच पाठीमागे हात घालून जिथे माझा कणा टेकतो तिथे खडूने रेघ मारायचे. एवढं निरखून माझ्या लग्नातही मला कोणी पाहिलं नव्हतं. मधून मधून पन्नीतला खर्रा काढून एक चिमूट स्वतःच्या तोंडात आणि एक माझ्या हातावर. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून घोटून जे होतं ते खर्रा, आणि आमच्या भागात पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी तो विचारतात.

चार दिवसांत त्यांनी सीट केली. सीट जिच्यावर सरकते ती रेल कापून दोन बोटं खाली बसवली. पुढच्या कडेखाली वॉशर घालून ती उचलली, म्हणजे मांडीला आधार. फोमचे थर चाकूने तासून उजव्या बाजूला खोलगट केलं आणि पाठीला उजवीकडे एक जाड उशी दिली. उजवीकडेच का, असं मी विचारलं. त्यावर त्यांची लाडकी थिअरी ऐकायला मिळाली. कोळशाचे भरलेले ट्रक डाव्या कडेने जातात, त्यामुळे आपल्याकडचे सगळे रस्ते डावीकडे दबलेत, गाडी डावीकडे कलते, म्हणून ड्रायव्हर तोल सांभाळायला उजवीकडे झुकतो. राखेत सगळ्यांचाच उजवा खड्डा खोल येतो. इंजिनिअर लोकांना हे कळलेलं नाही, असंही ते जाता जाता म्हणाले.

त्या सीटवर मी पहिली खेप केली आणि घरी येऊन मांडी घालून जेवलो. बायकोने तिसरी पोळी वाढताना डोळे पुसले. मेव्हण्याचं चहाला येणं बंद झालं. दीड वर्ष मला पाठ आहे हे मी विसरलो होतो.

मग चंद्रपूरच्याच दाताच्या डॉक्टरांकडे गेलो, दाढ दुखत होती म्हणून. त्यांनी दाढ राहू दिली आणि म्हणाले, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. दोनच गेली. ते काही ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, आता खर्रा सोडलात तर तोंड आखडणं इथेच थांबेल, नाही तर एक दिवस बोटही जाणार नाही, आणि पुढचं मी बोलत नाही. मी त्याच दिवशी सोडला. पहिले पंधरा दिवस बडीशेप, फुटाणे आणि बायकोच्या शिव्या यांवर काढले. ते जमलं. पण महिनाभरात पाठ पुन्हा धरली, पहिल्यापेक्षा वाईट. हेमलकशाहून येताना मला दोनदा गाडी थांबवून बोनेटवर आडवं व्हावं लागलं. मेव्हणा पुन्हा चहाला आला.

मी सीट घेऊन घुग्घुसला गेलो आणि म्हटलं, फोम बसला वाटतं. मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांची सीट कधी परत आली नव्हती. त्यांनी रेल पाहिली, वॉशर मोजले, फोम दाबून पाहिला, पुठ्ठा लावून पाहिला. सगळं जसंच्या तसं. "सीट बरोबर हाय," ते म्हणाले, "तूच बदलला." मी म्हटलं, मी तोच आहे. मग त्यांनी खडू उचलला आणि माझ्यासोबत निघाले.

गडचांदूरच्या अलीकडे कुठेतरी त्यांनी सवयीने पन्नी पुढे केली. मी म्हटलं, नको, सोडला. दोन महिने झाले, आणि डॉक्टरांच्या तीन बोटांचंही सांगितलं. त्यांनी पन्नी खिशात ठेवली. थोड्या वेळाने म्हणाले, "थांबव गाडी." उतरले, वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि बाहेरून दार पाहू लागले. आमच्याकडच्या प्रत्येक पिकअपच्या ड्रायव्हरच्या दारावर काचेखाली लाल ओघळ असतो. माझं दार धुतलेलं होतं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, आणि तिथेच गिट्टीवर उकिडवे बसले. मला वाटलं, चक्कर आली.

"तू झुकून नाई राह्यला आता," ते म्हणाले.

मला आधी समजलं नाही. मग समजलं. दर पाच मिनिटांनी उजवीकडे वाकायचं, काचेबाहेर थुंकायचं, परत यायचं, पुन्हा वाकायचं. वीस वर्षं मी तसाच बसत होतो, अर्धा कललेला. शेडमध्ये राखेत बसलो तेव्हाही माझ्या गालात खर्रा होता आणि पेटीच्या उजव्या बाजूला जमीन लाल होती. मिस्त्रींनी मला अगदी बरोबर मापाची सीट दिली होती, फक्त ते माप खर्रा खाणाऱ्याचं होतं. आता सरळ बसायला गेलो की तीच सीट मला उजवीकडे ढकलत होती आणि मी दिवसभर तिच्याशी कुस्ती खेळत होतो.

शेडवर परत आल्यावर त्यांनी सगळे पुठ्ठे खाली काढले. शे-दीडशे तरी असतील, प्रत्येकावर ड्रायव्हरचं नाव आणि गाव. जमिनीवर पसरले आणि एकेक उचलून पाहू लागले. उजवा खड्डा खोल. उजवा खड्डा खोल. मधूनच एखादा दोन्ही बाजूंना सारखा निघायचा, तेव्हा नाव वाचून म्हणायचे, हा माळकरी हाय. हा तं काईच खात नाई. रस्ता सगळ्यांना तोच होता. मला हसू येत होतं आणि हसायची हिंमत होत नव्हती. एवढ्या वर्षांची थिअरी माणसाच्या डोळ्यांदेखत पुठ्ठ्यापुठ्ठ्याने पडत होती.

पुढे, आयुष्याच्या शेवटच्या दीड वर्षात, त्यांनी यातल्या जितक्यांचा पत्ता लागला तितक्यांना निरोप धाडला, की तुमची सीट चुकली आहे, येऊन फुकट बदलून घ्या, पण आधी खर्रा सोडून या. ड्रायव्हर लोकांनी त्यावर खूप विनोद केले. काही आले, बरेच आले नाहीत. माझ्या ओळखीचे तिघं त्यापायी खर्ऱ्यातून सुटले, एवढं मी सांगू शकतो.

त्या दिवशी मात्र त्यांनी पुठ्ठे नुसते गोळा करून बाजूला ठेवले. मी विचारलं, मग माझं काय? ते म्हणाले, "दोन रस्ते हायत. खर्रा चालू कर, ही सीट तुले आताच बरोबर होते. नाई तं पहिल्यापासून करा लागन. अन् खरं सांगतो, सरळ बसणाऱ्या माणसाची सीट मले येत नाई. म्या कधी केलीच नाई." कारागिराने असं तोंडावर कबूल करावं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

मी निघालो, आणि आता लपवत नाही, वाटेत टपरीवर थांबून एक खर्रा घेतला. पुडी खिशात ठेवून गाडीत बसलो. नुसतं पाहू म्हणून उजवीकडे झुकलो. पाठीला एकदम बरं वाटलं. मी कितीतरी वेळ तसाच झुकून बसलो होतो. एका बाजूला गाडी, घर, मेव्हण्याचं तोंड बंद. दुसऱ्या बाजूला दोन बोटं. शेवटी बायकोला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, गाडी विकू. हमाली करा. पण तोंड उघडून जेवा. मी पुडी फेकली आणि तिच्यावर चिडून घरी गेलो, कारण ती इतक्या सहज बोलली होती.

आठ दिवस गाडी दारात उभी. मग घुग्घुसहून येणाऱ्या एकाने बातमी आणली, की मिस्त्री बिघडले. चार विटांवर भंगारातली पिकअपची सीट ठेवून, तुटकं स्टीअरिंग हातात धरून दिवसभर शेडसमोर बसलेले असतात. सीटवर बसलेत, हे ऐकूनच मी उठलो. तशीच गाडी काढून घुग्घुसला गेलो. खरंच बसले होते, भर उन्हात, पाठ ताठ, नजर समोर. शेजारी चाकू आणि फोमचे तुकडे. मला पाहून खेकसले, की हलू नको, बोलू नको, डोकं दुखते. डोळे तांबारले होते. चहावाला मला बाजूला घेऊन म्हणाला, खर्रा सोडलाय त्यांनी, परवा माझ्या अंगावर पाना फेकला.

मी समोर बसून राहिलो. चाकूने फोमची एक कड तासून झाल्यावर ते स्वतःहून बोलले. नुसतं पाहून कळत नव्हतं म्हणाले, म्हणून स्वतः बसून पाहिलं. खर्रा सोडलेला माणूस पहिले काही दिवस सवयीने झुकतो, मग मध्येच आठवून थांबतो, आणि तिथेच कंबर अडकते. त्याला झुकू देणारी सीट नको आणि जबरदस्तीने सरळ करणारीही नको. त्याच्या दोन्ही बाजूंना सारखं काही तरी लागावं, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. हे ते असं सांगत होते की जणू नवीन नदी सापडली. त्या चिडक्या माणसाच्या चेहऱ्यावर मला तेव्हा जे कुतूहल दिसलं, ते शाळेतल्या पोरांच्याही तोंडावर मी फार पाहिलेलं नाही.

माझी सीट त्यांनी तीन दिवसांत केली. उजवा खड्डा भरून काढला, उशी काढून दोन्ही बाजूंना बोटभर उंच, मऊ काठ दिले. पिकअपमध्ये स्टीअरिंग आणि सीट एका रेषेत नसतात हेही त्यांना या बसण्यात कळलं होतं, म्हणून रेल थोडी सरकवली. मी बसलो. शेडच्या आवारात दोन चकरा मारल्या. काही जाणवलंच नाही. खाली उतरून मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

मी म्हटलं, मिस्त्री, आता सुटलाच आहे तर पुन्हा नका धरू. त्यावर ते हसले. म्हणाले, सोडल्यावर तोंडाकडे ध्यान गेलं. तुझ्या डॉक्टरचं ऐकून मीही बोटं घालून पाहिली.

"किती गेली?"

"एक. ते बी आडवं."

कधीपासून, असं मी विचारलं. त्यांनी हातातला पाना कापडाने पुसला, पुन्हा पुसला. "माहीत नाई," ते म्हणाले. "माप घेतलंच नाई कधी." मग त्यांनी गालाच्या आत बरेच दिवस न भरलेली एक जखम आहे, तिखट लागलं की आग होते, असंही सांगितलं. रेक्झिन कुठलं वापरलं हे सांगावं तसं.

मी त्यांना म्हटलं, चला चंद्रपूरला. ते नको म्हणाले. उद्या पाहू, परवा पाहू, एका गिऱ्हाइकाची सीट उघडी पडली आहे. मी पुष्कळ बोललो, शेवटी भांडलो. मग म्हटलं, ठीक आहे, नवी सीट आहे, खेप केल्याशिवाय तुम्ही सीट देत नाही, तुमचाच नियम आहे. बसा गाडीत. ते माझ्याकडे पाहत राहिले. मी खेप कुठली करणार आहे हे त्यांना चांगलं कळलं होतं. तरी खडू खिशात टाकून बसले.

मी सरळ दाताच्या डॉक्टरांच्या दारात गाडी लावली. या माणसाने मला माझी गाडी परत दिली आणि मी त्याला आता कुठे आणून सोडतोय, असं वाटत होतं. ते उतरले नाहीत. समोरच्या पाटीकडे पाहत बसले होते.

"पाठ?" त्यांनी विचारलं.

"नाही दुखली."

"खरं सांग. मले बरं वाटावं म्हून नको सांगू."

"नाही दुखली, मिस्त्री. जरासुद्धा नाही."

"मंग चाल," ते म्हणाले, आणि दार उघडून माझ्या आधी आत गेले.